मध्येच येणाऱ्या मुलांची शाळा

अध्यापक विद्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक छात्राध्यापकाने शिक्षणाविषयीची आपली धारणा लिहून द्यावी, अशी आमच्याकडे वहिवाट आहे. आणि बालक हे शिक्षणाचे केंद्र होय, सर्वांगीण विकास हे शिक्षणाचे ध्येय होय, शिक्षक हा मार्गदर्शक होय, ही वाक्ये त्या लेखनात इतक्या सहजतेने उतरतात, की ती लिहिताना आपल्यासमोर नेमके कोणते बालक उभे आहे याचा विचार करण्याची आवश्यकताच कोणास भासत नाही. त्या वाक्यांत असत्य काही नाही. परंतु ज्या छात्राध्यापिकेला पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या एखाद्या शाळेत, किंवा इंद्रायणीपलीकडे चाकण-म्हाळुंगेच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत उद्या उभे राहावयाचे आहे, तिने त्या बालकाचे गाव, त्याच्या वडिलांची पाळी, त्याच्या खोलीच्या भाड्याची मुदत आणि त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा ठावठिकाणा विचारल्यावाचून आपली धारणा लिहू नये, असे मला वाटते. तसे विचारून पाहिल्यावर माझी स्वतःची जी धारणा झाली ती अशी, की या पट्ट्यातील आपली शाळा एका विशिष्ट मुलासाठी उभारली गेली, आणि ते मूल आता तिच्यात फारसे येत नाही.

ते मूल कोणते, हे या गावांच्या इतिहासात पाहावे लागते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशाचे पेनिसिलिन येथे होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन येथील माळरानांवर एकामागून एक कारखाने उभे राहिले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली कामगारांच्या घरांची तजवीज करण्यासाठी नवनगर विकास प्राधिकरण आले आणि १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या तीसेक वर्षांत कोकणातून, साताऱ्याहून, सोलापुराकडून किंवा मराठवाड्यातून आलेला तरुण एकदा कायम झाला, म्हणजे त्याच्या जीवितास एक प्रकारचे स्थैर्य येई: महिन्याच्या ठरल्या तारखेस पगार, सोसायटीचे कर्ज, काही वर्षांनी निगडीकडे एखादे घर किंवा प्लॉट, आणि पहिलीत घातलेले मूल दहावीचा निकाल घेऊनच त्याच शाळेच्या फाटकातून बाहेर पडे. जूनमधील पटनोंदणी, दिवाळीपूर्वीचे सत्र, उन्हाळ्यापूर्वीची परीक्षा, मागील इयत्तेच्या पायावर पुढील इयत्ता रचणारा अभ्यासक्रम, हे सर्व शालेय यंत्र त्या मुलाच्या मापाचे होते, आणि त्या मुलाचे त्या यंत्राने खरोखरच कल्याण केले. त्या पिढीतील किती तरी घरांतून इंजिनिअर, परिचारिका, शिक्षक, वकील निघाले आहेत; त्याबद्दल कृतज्ञता वाटावी असेच ते कार्य आहे.

त्यानंतर कारखाने उत्तरेकडे सरकले. ज्या चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढे पन्नासहून अधिक दिवस लढविला, आणि ज्याचे नाव पुढे दीर्घकाळ मुख्यतः कांद्याच्या बाजारासाठी घेतले जाई, त्या चाकणच्या आसमंतात, म्हणजे म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, मेदनकरवाडी या गावांत, मोटारींचे आणि मोटारींना सुटे भाग पुरविणाऱ्यांचे कारखाने आले. आणि त्यांच्याबरोबर जो कामगार आला, तो पूर्वीच्या अर्थाने कायम होण्यासाठी आलेला नव्हता. कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या माणसास आपल्या नोकरीविषयी काही हक्क सांगता येतात. त्या हक्काचा प्रश्नच उद्भवू नये म्हणून कंत्राटी कामगारास सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ द्यावयाचा, आणि मग त्याने दुसऱ्या ठेकेदाराकडे किंवा दुसऱ्याच कंपनीच्या गेटवर उभे राहावयाचे, ही वहिवाट अनेक ठिकाणी पडून गेली आहे. खोलीचा करार अकरा महिन्यांचा. आणि शाळेचे वर्ष, शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे, पहिली ते पाचवीसाठी किमान २०० कामकाजाच्या दिवसांचे आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवसांचे. नोकरीचा एक हिशेब, छपराचा दुसरा आणि विद्येचा तिसरा. या तीन मुदती एकमेकींशी कोठेही जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्याचा संपूर्ण भार आठ वर्षांच्या एका मुलाच्या दप्तरावर येऊन पडतो. वडिलांना ब्रेक मिळाला की खोली बदलते, खोली बदलली की शाळा बदलते, आणि शाळा बदलली की ज्या धड्याच्या मध्यावर ते मूल उठले त्या धड्याचा शेवट त्यास बहुधा कधीच भेटत नाही.

सराव पाठांसाठी मी ज्या शाळेत होते, तेथे दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गात यवतमाळकडचा एक मुलगा आला. वडील प्रेस शॉपमध्ये हेल्पर, आई एका लहान वर्कशॉपमध्ये पॅकिंगला. मुलगा तल्लख होता. भागाकार तो त्याच्या पूर्वीच्या गुरुजींनी शिकविलेल्या निराळ्या रीतीने करी आणि ती रीत इतर मुलांना समजावून सांगण्याची त्यास मोठी हौस होती. परंतु त्याच्याजवळ शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. दाखला आणावयाचा तर वडिलांनी यवतमाळ गाठावे, म्हणजे जाण्यायेण्यासह निदान तीन दिवसांचा खाडा करावा, आणि ठेक्यावरच्या माणसाने इतके खाडे केले तर परत आल्यावर काम असेलच असे नाही. सबब दाखला आज आणतो, उद्या आणतो असे करीत फाल्गुन उजाडला. तोवर तो मुलगा वर्गात रोज बसत होता, प्रश्नांची उत्तरे देत होता, कवायतीच्या रांगेत उभा राहत होता. फक्त हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते, आणि नाव नसल्यामुळे त्याच्या नावाने पुस्तकांचा संच निघत नव्हता की गणवेश निघत नव्हता. होळीच्या सुमारास तो यावयाचा थांबला. कोणी म्हणाले, ते लोक रांजणगावला गेले. कोणी म्हणाले, गावी परतले. शाळेच्या दप्तरापुरते पाहिले तर तो आलाच नव्हता, म्हणून तो गेलाही नाही.

हा प्रसंग मी कोणा एका मुख्याध्यापकास दोष देण्यासाठी सांगत नाही. तपासणीच्या वेळी ज्याला कागद दाखवावा लागतो तो कागद मागणारच. परंतु कायदा याहून पुष्कळ उदार आहे, हे या निमित्ताने सांगणे अवश्य वाटते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की दाखला येण्यास विलंब झाला या कारणास्तव प्रवेश लांबणीवर टाकता येणार नाही वा नाकारता येणार नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणास परत पाठवता येणार नाही. आणि जे मूल मागे पडले आहे, त्यास वयानुरूप वर्गात बसवून त्याची उणीव विशेष प्रशिक्षणाने भरून काढावयाची आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची तजवीजही आपल्या राज्यात झालेली आहे. म्हणजे उणीव आहे ती कायद्याची नव्हे. जूनमध्ये आलेले मूल हे खरे मूल आणि नोव्हेंबरात आलेले मूल म्हणजे एक अडचण, या आपल्या मनातील जुन्या, स्थायिक समजुतीची आहे. माझ्या शिक्षणविषयक धारणेचे पहिले कलम म्हणून मी एवढेच लिहीन, की वर्गात जे मूल बसले आहे ते त्याच दिवशी पटावर आले पाहिजे, आणि दाखल्यामागे धावण्याचे काम शाळेचे आहे, प्रेस शॉपमधील हेल्परचे नव्हे.

परंतु पटावर नाव आले म्हणजे विद्या आली असे नाही. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाल्यापासून महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांच्या हाती एकाच इयत्तेचे एकच पुस्तक असते, ही मध्येच येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने केवढी मोठी सोय आहे, याकडे आमचे फारसे लक्ष गेलेले नाही: यवतमाळचे पुस्तक आणि चाकणचे पुस्तक एकच, चित्रेही तीच, आणि ओळखीचे पुस्तक पाहून परक्या वर्गात आलेल्या मुलाचा चेहरा कसा खुलतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अडचण येते ती आमच्या पाठ टाचणाची. आमचे प्रत्येक टाचण ‘पूर्वज्ञान’ या रकान्याने सुरू होते, आणि त्या रकान्यात आम्ही काल आपणच जे शिकविले ते लिहितो, जणू वर्गातील प्रत्येक मूल काल येथेच होते. या पट्ट्यातील वर्गात ते गृहीत धरता येत नाही. यास्तव येथील पाठ असा बेतला पाहिजे, की तो एका दिवसात, फार तर एका आठवड्यात, स्वतःपुरता पूर्ण होईल. आज आलेल्या मुलास त्यात शिरता येईल, आणि परवा जाणाऱ्या मुलाच्या हाती अर्धवट काही न राहता एक संपूर्ण गोष्ट, एक संपूर्ण रीत, एक संपूर्ण कविता राहील. असे पाठ रचणे हे क्रमवार धडे उरकण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. ते आम्हास अध्यापक विद्यालयात शिकविले जात नाही. शिकविले गेले पाहिजे.

ही कल्पना नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून ज्यांनी देशाच्या शिक्षणाचा आराखडा सिद्ध केला, त्या जे. पी. नाईकांनी वारंवार असे प्रतिपादिले, की गरीब घरातील मुलास शाळेत एकदाच आणि एकाच वयात शिरता येते हीच आपल्या पद्धतीची मूलभूत चूक असून, अनेक टप्प्यांवर प्रवेश आणि अर्धवेळ शिक्षण यांची द्वारे उघडली पाहिजेत. नाईकांच्याही पूर्वी ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत बोर्डीस आणि पुढे डोंगराकडे कोसबाडला अनुताई वाघांच्या साहाय्याने जे प्रयोग केले, त्यांतील कुरणशाळेचा प्रयोग माझ्या मनातून जात नाही. आदिवासी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा गुरे सोडून शाळेत या, असे मुलांना न सांगता शाळाच कुरणावर गेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारदरबारी रूढ झाला आहे, परंतु त्यामागची ताराबाईंची दृष्टी, म्हणजे मूल जेथे आहे ते ठिकाण शाळेचे ठिकाण, ती मात्र त्या शब्दाबरोबर सर्वत्र पोचली नाही. आपल्या शहरातही त्या दृष्टीची माणसे आहेत. १९९० च्या दशकापासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बांधकामांवर डोअर स्टेप स्कूल ही संस्था वर्ग भरवीत आली आहे. बसमध्येच भरणारा तिचा वर्ग मी पाहिला, तेव्हा कुरणशाळेचेच हे नवे रूप आहे असे मला वाटले. जे काम स्वयंसेवी संस्था अपवाद म्हणून करते, ते महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी नियम म्हणून का करू नये?

आता शिक्षकाविषयी. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यातील प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्राथमिक शिक्षक कसा असावा याविषयी त्यांनी तेथे जे लिहिले आहे, ते छात्राध्यापकांस अभ्यासाला लावले पाहिजे असे मला वाटते. शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, प्रशिक्षित, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज न वाटणारा, आणि खालच्या थरांतील लोकांत मोकळेपणाने मिसळणारा शिक्षक त्यांना हवा होता. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीस शेतीचे प्राथमिक ज्ञान हवे होते. आणि अशा शिक्षकास दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन असू नये, मोठ्या गावी ते पंधरा-वीस असावे, इतक्या तपशिलात जाऊन त्यांनी ते मागितले होते. त्या काळच्या खेड्यात नांगर आणि वाकस. आजच्या चाकणात त्यांच्या जागी लेथ, प्रेस, वेल्डिंगची गन आणि व्हर्निअर. ज्या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांचे काम कधी पाहिले नाही, ते काम कसे चालते, त्यात कोणते कौशल्य लागते, कोठे बोट जाण्याचा धोका असतो, हे जिला ठाऊक नाही, ती त्या मुलाशी बोलताना त्याच्या जगण्याच्या अर्ध्या भागाविषयी मुकीच राहणार.

याचा मला एकदा प्रत्यक्ष प्रत्यय आला. सहावीस दशांश अपूर्णांक शिकवावयाचे होते आणि फळ्यावर कितीही रेघा ओढल्या तरी शतांश हा भाग मुलांच्या कल्पनेत उतरत नव्हता. वर्गातील एका मुलीचे वडील भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. तिने घरी सांगितले आणि ते गृहस्थ एका गुरुवारी आपला व्हर्निअर कॅलिपर व मायक्रोमीटर घेऊन शाळेत आले. त्यांनी मुलांच्या वहीचे पान मोजले, पेन्सिल मोजली, एका मुलीच्या डोक्यावरील केस मोजला, व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचता येते हे दाखविले; आणि एवढ्याशा फरकाने सुटा भाग का परत येतो हेही सांगितले. दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानावर माणसाची रोजी अवलंबून असते, हे मुलांनी त्या दिवशी ऐकले. ‘बाई, आम्ही शाळेत हे शिकलो तेव्हा कशासाठी ते कोणी सांगितलं नाही,’ असे जाताना ते मला म्हणाले. परंतु माझ्या दृष्टीने गणितापेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्यांच्या मुलीच्या चेहऱ्यावर होती: आपल्या वडिलांना सर्व वर्गाने सर म्हटले, हे तिने पाहिले होते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मी गंभीरपणे घेते. कामगाराच्या मुलास शाळेतही व्हर्निअरच दाखवावयाचा, म्हणजे त्यास कामगारच करून ठेवावयाचे काय? आजवर ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या हातानेच राबल्या, त्यांच्या मुलांना हस्तव्यवसायाचे माहात्म्य सांगणे सोपे असते, आणि सांगणाऱ्यांची मुले मात्र निराळ्या शाळांत जातात. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षणाचा जो विचार मांडला, त्या नई तालीमेस ओहोटी लागण्याचे एक मोठे कारण माझ्या मते हेच होते, की ज्यांना आपली मुले कचेरीत आणि कॉलेजात पाठवावयाची होती, त्यांनी चरखा आणि टकळी गरिबांच्या शाळेसाठी राखून ठेवली. यास्तव माझे म्हणणे असे आहे, की व्हर्निअर सर्वांच्याच शाळेत गेला पाहिजे. प्राधिकरणातील नि वाकडमधील भरपूर फीच्या शाळांतही तो गेला पाहिजे, आणि तेथेही प्रेस शॉपमधील हेल्परने येऊन मुलांना आपले काम सांगितले पाहिजे. उलटपक्षी निघोज्याच्या जिल्हा परिषद शाळेत कविता, नकाशा, दुर्बीण, चित्रकला आणि उत्तम इंग्रजी यांतील एकही गोष्ट काटकसरीच्या नावाखाली कमी होता कामा नये. कारखान्यास मनुष्यबळ पुरविणे हे प्राथमिक शाळेचे काम नव्हे, आणि कोणत्या मुलाने काय व्हावे हे त्याच्या नवव्या वर्षीच ठरविण्याचा अधिकार शिक्षिकेस, ठेकेदारास अथवा सरकारास असू शकत नाही.

इंग्रजीचा उल्लेख झाला म्हणून दोन शब्द. खोलीभाड्याचे पैसे जेमतेम जुळविणारा माणूस पोटास चिमटा काढून मुलास इंग्रजी माध्यमात का घालतो, याची थट्टा करणे मला क्रूरपणाचे वाटते. कंपनीत ज्यांना ड्रॉइंग वाचता येते आणि मेल लिहिता येतो ते वर जातात, हे तो रोज पाहतो. परंतु पहिली समज आपल्या भाषेत आली तरच पुढची भाषा टिकते, यावर माझा दृढ विश्वास आहे. प्रश्न एवढाच, की आपली भाषा म्हणजे कोणाची. चाकणच्या एका वर्गात वऱ्हाडी, अहिराणी, गोरमाटी, कन्नड, भोजपुरी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी असावी की नसावी यावर राज्यात मोठे रण माजले आणि जूनअखेर शासनास त्याविषयीचे आपले निर्णय मागे घ्यावे लागले, ते योग्यच झाले. परंतु त्या सर्व वादात येथील ज्या मुलांच्या जिभेवर सहाव्या वर्षीच दोन-तीन भाषा खेळत असतात, त्यांची आठवण फारशी कोणी काढली नाही. येथे मराठी ही शाळेची भाषा असलीच पाहिजे, कारण ज्या भूमीत ते मूल वाढणार तेथील बाजाराची, दवाखान्याची आणि मैत्रीची ती भाषा आहे. मात्र ती दंडाने नव्हे तर आतिथ्याने दिली पाहिजे. बिहारच्या मुलीने आपल्या आईची गोष्ट आधी आपल्या बोलीत सांगावी, मग सर्वांनी मिळून ती मराठीत आणावी. अशा तासाला मराठी मुलेच अधिक मराठी शिकतात, असा माझा अनुभव आहे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वनिधीतून या पट्ट्यातील शाळांना संगणक, स्वच्छतागृहे, रंगविलेल्या भिंती मिळाल्या आहेत. मुलींच्या दृष्टीने स्वच्छतागृहाचे मोल तर शब्दांत सांगता येणार नाही. तथापि शाळा चालते ती माणसांवर. चाकण ज्या तालुक्यात येते त्याच खेड तालुक्यात जालिंदरनगर येथील जिल्हा परिषदेची शाळा २०२५ साली जगातील उत्तम शाळांच्या पारितोषिकासाठी समाजसहभागाच्या विभागात पहिल्या दहांत निवडली गेली. ओस पडत चाललेली ती शाळा दत्तात्रय वारे गुरुजींनी आणि ग्रामस्थांनी मिळून उभी केली, आणि तेथे मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकविण्याची पद्धती हा शाळेचा कणाच आहे. कारखान्यांच्या गावांतील ज्या जिल्हा परिषद शाळांत पटसंख्या वर्षाच्या मध्यावर फुगते आणि एकेका शिक्षकापुढे वर्ग मावेनासा होतो, त्यांना या पद्धतीची गरज सर्वांत अधिक आहे. नव्या मुलास पहिल्या दिवशी बाईंपेक्षा एका सोबत्याचा हात हवा असतो.

आणि ज्या शिक्षकावर हे सर्व अवलंबून, त्यास आपण कसे आणतो? पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरील प्रतीक्षा, आणि नेमणूक झालीच तर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. ते मानधन प्राथमिक शाळेत २०२३ साली सहा हजारांवरून सोळा हजार झाले, याबद्दल समाधान मानले तरी चाकणच्या खोलीभाड्यापुढे ते किती टिकते, हे मी येथे राहून पाहतेच आहे. म्हणजे ज्या मुलाचे वडील कंत्राटावर, त्याची शिक्षिकाही एका अर्थाने मुदतीवर. आणि दोघांनाही मन घट्ट रोवून बसावे अशी जमीन पायाखाली नाही. फुल्यांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी वेतनाचा आकडा निवेदनात घातला तो उगाच नव्हे. शिक्षकाची प्रतिष्ठा भाषणांनी वाढत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

सरतेशेवटी माझ्या दोन मागण्या आहेत, आणि त्या अगदी लहान आहेत. या पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, शाळेची रविवारी. म्हणजे हजारो घरांत वडील आणि मूल यांचा सुट्टीचा दिवस वर्षानुवर्षे एक येत नाही. वडील घरी असतात तेव्हा मूल शाळेत आणि मूल घरी असते तेव्हा वडील लाइनवर, त्यातही रात्रपाळी असली तर दिवसा घरात आवाज करण्याची मुलास मनाई. आणि आम्ही पालकसभा शनिवारी सकाळी घेतो, आणि मग पालकांस मुलांच्या शिक्षणाविषयी आस्था नाही असा शेरा मारतो. औद्योगिक पट्ट्यातील सर्व शाळांनी पालकसभा गुरुवारी घ्याव्यात. महिन्यातील एका गुरुवारी पालकांनी वर्गात येऊन बसावे, ज्यांना आपले काम दाखवावयाचे असेल त्यांनी दाखवावे, आणि ज्यांना अक्षरओळख हवी असेल त्यांना ती तेथेच मिळावी. दुसरे असे, की मोशीहून कुरुळीला राहावयास गेलेले कुटुंब फक्त इंद्रायणीचा पूल ओलांडते, परंतु त्यांचे मूल महानगरपालिकेच्या दप्तरातून निघून जिल्हा परिषदेच्या दप्तरात जाते, आणि या दोन दप्तरांच्या मध्येच ते पुष्कळदा हरवते. दोन्ही संस्थांच्या शिक्षण विभागांनी दर महिन्याच्या अखेरीस आपापल्या शाळांतून आलेल्या आणि गेलेल्या मुलांची एक फर्द एकमेकांस द्यावी, आणि ज्या मुलाचे नाव एकीकडून कमी झाले पण दुसरीकडे चढले नाही, त्याच्या खोलीवर शाळेतील कोणीतरी जाऊन यावे. यास नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही; पुण्याच्या शिक्षण उपसंचालकांच्या कचेरीतून एक परिपत्रक निघाले, तर येत्या जूनमध्ये शाळा उघडतील त्या दिवसापासून याचा अंमल सुरू करता येईल.